इंजिन चालू, पंखा थांबलेला: विमानाच्या फायबर पात्यांना खरा चटका जमिनीवरच का बसतो?

दुचाकीच्या सायलेन्सरचा चटका आयुष्यात एकदाही पोटरीला बसला नाही, असा माणूस मराठवाड्यात शोधूनही सापडणार नाही. आता एक गोष्ट आठवून बघा. हा चटका बहुतेक वेळा गाडी पळताना बसत नाही. गाडी थांबल्यावर, उतरताना बसतो. पळत्या गाडीवर वारा लागत असतो. गाडी थांबली की वारा थांबतो, पण सायलेन्सर तापलेलाच राहतो.

विमानाच्या पंख्याचं, म्हणजे प्रॉपेलरचंही थोडंफार असंच आहे. आजकाल अनेक नव्या विमानांच्या पंख्याची पाती धातूची नसतात, तर फायबरची, म्हणजे कंपोझिटची असतात. इंजिनातून बाहेर पडणारा धूर शेकडो अंश गरम असतो. मग ही पाती जळत कशी नाहीत? आणि कधी जळू शकतात?

हा प्रश्न फक्त इंजिनिअर लोकांचा नाही. छोट्या शहरांना जोडणारी विमानं बहुतेक पंख्याचीच असतात, त्यामुळे तो आपलाही आहे. सुरुवात नांदेडपासून करू.

नांदेडच्या विमानाचा एक पंखा थांबलेला का दिसायचा?

२७ एप्रिल २०१७. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी शिमल्यातून 'उडान' योजनेच्या पहिल्या विमानाला हिरवा झेंडा दाखवला. त्याच कार्यक्रमात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे नांदेड-हैदराबाद विमानसेवाही सुरू झाली. ही सेवा ट्रूजेट कंपनीची होती आणि विमान होतं एटीआर-७२. दोन इंजिनं, आणि प्रत्येक इंजिनाला सहा पात्यांचा पंखा.

मुदखेडसारख्या गावासाठी ही मोठी गोष्ट होती. मुदखेड म्हणजे रेल्वेचं जंक्शन, फुलांची शेती आणि सीआरपीएफचं प्रशिक्षण केंद्र. नांदेड इथून वीस-पंचवीस किलोमीटरवर. हैदराबादला जायचं म्हणजे रेल्वेत बसायचं, हीच सवय. आता तेच अंतर विमानानं तासाभराच्या आसपास कापता येऊ लागलं.

एटीआरमधून प्रवास केलेल्या अनेकांनी एक गोष्ट पाहिलेली असते. विमान उतरतं, जागेवर येऊन थांबतं, डाव्या बाजूच्या दारातून लोक चढ-उतार करतात. तेव्हा उजव्या बाजूचं इंजिन घुंघुं करत चालू असतं, पण त्याचा पंखा मात्र पूर्ण थांबलेला असतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय.

काही बिघडलेलं नसतं. याला म्हणतात 'हॉटेल मोड'. आणि आपल्या विषयाची किल्ली नेमकी इथेच आहे.

हॉटेल मोड म्हणजे काय?

मोठ्या जेट विमानांच्या शेपटीत एक छोटं जादा इंजिन असतं. त्याला एपीयू म्हणतात. विमान जमिनीवर उभं असताना वीज आणि एसीची थंड हवा त्यातून मिळते. एटीआरमध्ये हे जादा इंजिन ठेवलेलंच नाही. वजन वाचतं, खर्च वाचतो.

मग उभ्या विमानात दिवे आणि एसी कशावर चालवायचा? त्यासाठी उजवं इंजिन चालू ठेवतात आणि त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात. इंजिन वीज देतं, हवा देतं, आणि पंखा स्थिर असल्यामुळे आसपास वावरणाऱ्या माणसांना धोका नसतो.

पण इंजिन चालू आणि पंखा बंद, हे शक्य कसं होतं? कारण एटीआरच्या इंजिनात पंखा आणि इंजिनाचा मुख्य गाभा एकाच दांड्यावर जोडलेले नसतात. गाभा जो गरम वायू तयार करतो, तो मागच्या एका वेगळ्या टर्बाइनवर आदळतो, आणि ती टर्बाइन पंखा फिरवते. घरातला एक पंखा चालू करून दुसऱ्या बंद पंख्यासमोर ठेवला तर दुसराही फिरायला लागतो. पण त्याला बोटानं धरून ठेवलं, तर पहिल्याचं काही बिघडत नाही. तो आपला चालूच राहतो. याला 'फ्री टर्बाइन' म्हणतात.

सोय मोठी आहे. पण तिच्यातून एक अशी स्थिती तयार होते जी मोटारीत किंवा ट्रॅक्टरमध्ये कधी विचारात घ्यावी लागत नाही. इंजिनातून गरम धूर निघतोय आणि त्याच्या शेजारचं पातं जागचं हलत नाही.

पाती फायबरची का करतात?

आधी पाती लाकडाची असत. मग ॲल्युमिनियमची आली. आता कंपोझिटची. कंपोझिट म्हणजे कार्बन, काच किंवा केवलार यांचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे एक प्रकारचा घट्ट झालेला डिंक. घरच्या पाण्याच्या टाकीचं किंवा बसच्या बंपरचं 'फायबर' हे त्याच घराण्यातलं, फक्त फार साधं. विमानाच्या पात्यात मुळाशी धातू असतो, आत भार पेलणारा कणा असतो, वर तंतूंचं कवच असतं, आणि पुढच्या कडेला खडे-वाळूपासून बचावासाठी धातूची पट्टी असते.

फायदा काय? पहिला फायदा वजनाचा. एटीआर-७२ च्या पंख्याचा व्यास सुमारे ३.९ मीटर आहे आणि तो पूर्ण वेगात मिनिटाला १,२०० फेऱ्या मारतो. गणित करून बघा. पात्याचं टोक ताशी ८८० किलोमीटरच्या आसपास धावत असतं. अक्षापासून एक मीटर अंतरावरचा फक्त एक किलोचा तुकडा दीड टनाहून जास्त जोरानं बाहेर ओढला जात असतो. पातं जितकं हलकं, तितका हा ओढा कमी, तितका मधल्या हबवरचा भार कमी.

दुसरा फायदा म्हणजे कंपोझिट धातूसारखं वारंवारच्या ताणानं सहज थकत नाही. तिसरा म्हणजे पात्याला हवा तसा वाकडा, पातळ आकार देता येतो. त्यामुळे इंधन आणि आवाज दोन्ही कमी होतात.

म्हणूनच आज हवाई दलाच्या सी-१३०जे आणि सी-२९५ विमानांना सहा पात्यांचे कंपोझिट पंखे आहेत. मार्च २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं हवाई दलासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सकडून सहा डॉर्नियर-२२८ विमानं घेण्याचा ६६७ कोटींचा करार केला. त्यातही पाच पात्यांचा कंपोझिट पंखा हे एक मुख्य वैशिष्ट्य म्हणून सांगितलं गेलं. थोडक्यात, धातूच्या पात्यांचा जमाना हळूहळू मागे पडतोय.

मग उष्णतेनं नेमकं काय बिघडतं?

कार्बनचे तंतू उष्णतेला सहजासहजी दाद देत नाहीत. कमजोर असतं ते मधलं रेझिन.

जुना चिरेबंदी वाडा डोळ्यासमोर आणा. दगड शंभर वर्षं जसेच्या तसे राहतात. पण मधला चुना भुसभुशीत झाला की भिंत उभी दिसली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पात्यात तंतू म्हणजे दगड आणि रेझिन म्हणजे चुना.

विमानात वापरतात ते इपॉक्सी रेझिन भट्टीत शिजवून पक्कं केलेलं असतं. ते साधारण १२० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत ताठ राहतं. कारखान्याच्या भट्टीऐवजी साध्या तापमानाला वाळवलेलं रेझिन असेल, तर ही मर्यादा १०० अंशांच्याही खाली येते. मर्यादा ओलांडली की रेझिन वितळत नाही, रबरासारखं नरम होतं. आणखी तापलं की काळं पडतं, जळतं, आणि थर एकमेकांपासून सुटायला लागतात.

आता दुसरी बाजू. टर्बाइन इंजिनाच्या धुराड्याच्या तोंडाशी वायूचं तापमान ५०० अंशांच्या आसपास असू शकतं. पेट्रोलवर चालणाऱ्या पिस्टन इंजिनाचा धूर तर त्याहून गरम असतो. म्हणजे एका बाजूला दीडशे अंशांपर्यंत टिकणारं पातं आणि दुसऱ्या बाजूला पाचशे अंशांचा झोत.

ॲल्युमिनियम इथे थोडं सुखात असतं. तेही तापानं कमजोर होतं, पण ते उष्णता झटकन सगळीकडे पसरवून टाकतं. कंपोझिट तसं करत नाही. जिथे झोत लागेल, तीच जागा तापत राहते. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला सगळीकडून चटका बसतो, पण लाकडी डाव एका टोकाला जळतो आणि दुसऱ्या टोकाला हातात धरता येतो, तसंच हे.

फिरणारं पातं वाचतं, थांबलेलं भाजतं

देवघरातल्या निरांजनाच्या ज्योतीतून लहानपणी बोट झर्रकन फिरवलेलं आठवतं? भाजत नाही. तेच बोट ज्योतीवर धरून ठेवा.

पात्याचं गणितही इतकंच सोपं आहे. समजा, पंखा मिनिटाला २,००० फेऱ्या मारतोय. म्हणजे एका फेरीला एका सेकंदाचा तेहतिसावा भाग लागतो. धुराडं २० सेंटीमीटर रुंद आहे आणि पंख्याच्या अक्षापासून अर्ध्या मीटरवर आहे. त्या अंतरावर एका फेरीचा घेर सुमारे ३१४ सेंटीमीटर होतो. म्हणजे पात्याचा तो भाग धुरात असतो फेरीच्या जेमतेम सहा टक्के वेळ. उरलेला ९४ टक्के वेळ तो थंड हवा कापत असतो, आणि तीही प्रचंड वेगानं. गरम व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय धुरात आजूबाजूची हवा मिसळते, त्यामुळे तो काही फुटांतच बराच थंड होतो.

आता पंखा थांबवा. ज्या पात्याच्या समोर धुराडं आलं, ते शंभर टक्के वेळ झोतात. बाकीची पाती थंड, आणि हे एकच तापतंय. मिनिटभरातही रेझिनची मर्यादा गाठली जाऊ शकते.

या सगळ्या विषयाचा गाभा हाच. पाती हवेत असताना नाही, तर जमिनीवरच्या काही मिनिटांत जास्त जोखमीत असतात. इंजिन सुरू करताना, बंद करताना, आणि पंखा थांबवून इंजिन चालू ठेवताना.

याच कारणानं पात्यावर बर्फ साचू नये म्हणून बसवलेली विजेची तापवणारी पट्टीसुद्धा थांबलेल्या पंख्यावर चालू ठेवायची नसते. ती तापमानाचा हिशोब करून बनवलेली असते, पण तो हिशोब पंखा फिरतोय असं गृहीत धरून केलेला असतो.

सगळ्या विमानांना सारखाच धोका असतो का?

नाही. धुराडं कुठे आहे आणि इंजिन कुठल्या जातीचं आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

पहिला प्रकार, पंखा मागे असलेली विमानं. यांना 'पुशर' म्हणतात. इंजिन पुढे, पंखा मागे. धूर सरळ पंख्यातूनच जातो. भारतातलं ठळक उदाहरण म्हणजे 'सरस'. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजनं, म्हणजे एनएएलनं बनवलेलं हे छोटं प्रवासी विमान. २९ मे २००४ ला त्याचं पहिलं उड्डाण झालं. शेपटीजवळ दोन इंजिनं, पंखे मागच्या तोंडाला, आणि इंजिन फ्री टर्बाइन जातीचं.

६ मार्च २००९ ला सरसचं दुसरं प्रायोगिक विमान बंगळुरूजवळ कोसळलं आणि हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. त्या अपघाताचा धुराच्या उष्णतेशी संबंध नव्हता. इंजिन हवेत बंद करून पुन्हा सुरू करण्याची चाचणी चालू असताना तो घडला. प्रकल्प बरीच वर्षं रखडला आणि २४ जानेवारी २०१८ ला सुधारित सरस पुन्हा उडालं.

असंच पुशर असलेलं इटलीचं पियाजिओ अवांती विमान बघा. त्याच्या बनवणाऱ्यांनी या धुराचा फायदा करून घेतला. धातूची पाती धुरानं आपोआप गरम राहतात, त्यामुळे पंख्यावर बर्फ घालवायची वेगळी यंत्रणाच लागत नाही. ज्या झोतानं फायबर भाजू शकतं, तोच झोत धातूच्या पात्याला कामाला येतो. म्हणजे धुराडं पंख्याजवळ असणं हा दोष नाही. कुठलं साहित्य कुठे वापरलंय, हा प्रश्न आहे.

दुसरा प्रकार, पंखा पुढे पण धुराडंही पुढेच. प्रॅट अँड व्हिटनीचं पीटी-६ हे जगातलं फार लोकप्रिय इंजिन. त्यात हवा मागून शिरते आणि धूर पुढून, पंख्याच्या अगदी मागे बाहेर पडतो. २०२० मध्ये साबरमती ते केवडिया उडालेलं ट्विन ऑटर सीप्लेन याच इंजिनावर होतं. उडताना धूर मागे जातो, काही प्रश्न नाही. पण जमिनीवर पाठीमागून वारा असेल तर तोच धूर पंख्याकडे ढकलला जातो. म्हणून इंजिन सुरू करताना नाक वाऱ्याकडे ठेवणं ही वैमानिकांची जुनी शिस्त.

या इंजिनाची आणखी एक भानगड आहे. उभ्या विमानाचा पंखा वाऱ्यानं फिरू नये म्हणून त्याला पट्टा बांधून ठेवतात. तो पट्टा काढायचा राहिला तरी इंजिन सुरू होतं. कारण पंख्याशी त्याचा थेट सांधा नाही. उडण्यापूर्वी विमानाभोवती फेरी मारून पट्टा काढल्याची खात्री करायची ती यासाठीही.

तिसरा प्रकार, आपलं एटीआर. इथे धुराडं पंख्याच्या बरंच मागे आहे, त्यामुळे पात्यांवर थेट झोत बसत नाही. तरीही हॉटेल मोडमध्ये मागून जोराचा वारा असेल तर धूर पुढे सरकतो आणि इंजिनाच्या कवचाजवळ तापमान वाढतं. तसं झालं तर कॉकपिटमध्ये इशारा येतो. म्हणून हॉटेल मोडसाठी मागच्या वाऱ्याची मर्यादा घालून दिलेली असते.

चौथा प्रकार, ज्यात ही भानगडच नाही. हनिवेलच्या टीपीई-३३१ इंजिनात पंखा आणि गाभा एकाच दांड्याला गिअरनं जोडलेले असतात. इंजिन फिरलं की पंखा फिरणारच. डॉर्नियर-२२८ मध्ये हेच इंजिन आहे. हवाई दलाच्या नव्या एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानातही हेच आहे, आणि त्याची दुसरी उत्पादन साखळी १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये सुरू झाली. या विमानांत 'इंजिन चालू, पंखा स्थिर' ही स्थिती येतच नाही.

ड्रोनचं काय?

मे २०२५ च्या 'ऑपरेशन सिंदूर'नंतर ड्रोन हा शब्द गावागावात पोहोचला. लांब पल्ल्याचे बरेच लष्करी ड्रोन पुशर असतात. पुढे कॅमेरे आणि अँटेना बसवायला मोकळी जागा हवी, म्हणून इंजिन आणि पंखा मागे जातो. भारताकडचे इस्रायली हेरॉन तसेच आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेकडून ज्या ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार झाला, तेही तसेच.

डीआरडीओचं 'रुस्तम-१' सुद्धा पुशर होतं. त्याचं मूळ एनएएलच्या एका छोट्या विमानात आहे, जे प्रा. रुस्तम दमानिया यांच्या टीमनं १९८० च्या दशकात तयार केलं. त्यांचंच नाव या ड्रोनला दिलं. आणि त्या छोट्या विमानाची मांडणी अमेरिकेच्या बर्ट रुटान यांच्या 'लाँग-ईझी' या घरी बांधता येणाऱ्या विमानासारखी होती.

अशा पिस्टन इंजिनाच्या पुशर विमानात धुराड्याची नळी पंख्याच्या मुळाजवळच संपते. नळी थोडी लांब-आखूड झाली, तिचं तोंड जरा वळलं, तरी पात्यावर काळे डाग पडू शकतात. उपाय साधे असतात. नळीचं तोंड बाजूला वळवणं, नळी आणि पंखा यातलं अंतर वाढवणं, पात्याच्या त्या भागाला उष्णता झेलणारं आवरण देणं. आज महाराष्ट्रात पुणे, नागपूरसह अनेक ठिकाणी ड्रोनवर काम चाललंय. पेट्रोल इंजिनाचा ड्रोन बांधणाऱ्या कुठल्याही कॉलेजच्या टीमला हा प्रश्न पहिल्या चाचणीतच भेटेल.

आतला बिघाड बाहेरून कळतो का?

कधी कळतो, कधी नाही. रंग पिवळट-तपकिरी पडणं, रंगाला फोड येणं, काजळीचा एकाच जागी जाड थर, कडेचे तंतू मोकळे दिसणं, ही बाहेरची लक्षणं.

पण थर आतून सुटलेले असतील तर वरून काही दिसत नाही. तेव्हा मेकॅनिक काय करतो? माठ घेताना आपण काय करतो तेच. वाजवून बघतो. नाण्यानं किंवा छोट्या हातोडीनं पात्यावर ठिकठिकाणी टकटक करायची. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. कोट्यवधींच्या विमानाची ही तपासणी आजही अशीच होते. शंका आली तर पातं काढून वर्कशॉपला जातं आणि अल्ट्रासाउंडसारख्या तपासण्या होतात.

तपासणी झाली म्हणजे निर्धास्त व्हायचं, असंही नाही. २१ ऑगस्ट १९९५ ला अमेरिकेत अटलांटिक साउथईस्ट एअरलाइन्सच्या विमानाचं एक पातं हवेत तुटलं आणि विमान कोसळलं. त्या पात्याला वरून कंपोझिटचं कवच आणि आत ॲल्युमिनियमचा कणा होता. कण्याच्या पोकळीत गंज लागून तडा गेला होता. महत्त्वाची गोष्ट म्हणजे अल्ट्रासाउंड तपासणीत त्या पात्यात खोट दिसली होती, ते वर्कशॉपला गेलं होतं, आणि 'ठीक आहे' म्हणून परत विमानावर चढलं होतं. इथे कारण उष्णता नव्हतं. पण धडा तोच आहे. कवचाआडचा बिघाड शोधणाऱ्या माणसाला पुरेसं प्रशिक्षण, पुरेसा वेळ आणि शंका आल्यावर 'हे पातं उडणार नाही' म्हणायची मोकळीक पाहिजे.

यात मराठवाड्याच्या उन्हाचा संबंध कुठे येतो?

दोन ठिकाणी.

एक, कंपोझिट 'गरम आणि ओलं' या स्थितीत सर्वात कमजोर असतं. रेझिन हवेतली ओल शोषून घेतं आणि ओल घेतलेलं रेझिन कमी तापमानाला नरम पडतं. मे महिन्याचं ४२-४३ अंशांचं ऊन आणि त्यामागोमाग पावसाळा, हे आपलं ठरलेलं चक्र. बनवणारे हे धरूनच पात्यांची चाचणी घेतात, त्यामुळे निव्वळ उन्हानं पातं खराब होईल अशी भीती नको. पण जे पातं उन्हात आधीच साठ-सत्तर अंशांवर गेलंय, त्याला धोक्याच्या रेषेपर्यंत जायला कमी अंतर उरतं. थंडीत जी चूक खपून जाते, ती मे महिन्यात खपेलच असं नाही.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. भर उन्हात उभ्या विमानात सत्तर माणसं बसलेली असताना एसी बंद ठेवता येत नाही. बाहेरून विजेची गाडी जोडली तर दिवे आणि यंत्रं चालतात, पण थंड हवेसाठी वेगळी एसीची गाडी लागते. ती नसेल तर इंजिन चालू, पंखा बंद, म्हणजे हॉटेल मोड. जितकं ऊन कडक आणि विमानतळावर साधनं कमी, तितका वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहणं आलं.

मग बातमी नेमकी काय आहे?

छोट्या शहरांच्या विमानसेवेची आपल्याकडची चर्चा धावपट्टी आणि टर्मिनलच्या पुढे फारशी जात नाही. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गात चिपी विमानतळ सुरू झालं. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. दोन्हीकडे पहिलं विमान अलायन्स एअरचं एटीआर होतं. कापलेली फीत, पहिल्या विमानाला पाण्याची सलामी, सेल्फी. दुसऱ्या दिवसापासून मात्र विमान सुरक्षित राहतं ते तिथल्या चार-दोन माणसांच्या रोजच्या कामावर.

नांदेडनं याची दुसरी बाजूही पाहिली आहे. ट्रूजेटची सेवा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली आणि नंतर स्टार एअरची जेट विमानं आली. सेवा सुरू होते, बंद होते, कंपनी बदलते, विमानाची जात बदलते. प्रत्येक जातीच्या विमानाला जमिनीवर वेगळी वागणूक लागते. एटीआरसाठी तयार झालेला माणूस जेटसाठी पुन्हा तयार करावा लागतो, आणि उलटही.

म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या विमानतळाबद्दल लोकप्रतिनिधींना प्रश्न विचारायचेच असतील तर 'विमान कधी सुरू होणार' याच्या जोडीनं हेही विचारा. जमिनीवर वीज देणारी गाडी आहे का? उन्हाळ्यासाठी एसीची गाडी आहे का? विमान वाऱ्याच्या दिशेनुसार उभं करता येईल इतकी जागा आहे का? परवाना असलेला मेंटेनन्स इंजिनिअर विमान येतं तेव्हा तिथे असतो, की अडचण आली तर हैदराबाद किंवा मुंबईहून यावा लागतो?

हे प्रश्न खर्चाचेही आहेत. विजेची गाडी वापरली की तेवढा वेळ इंजिन जळत नाही, इंधन वाचतं, धूर आणि आवाज कमी होतो. उडानसारख्या योजनेत तिकिटाला सरकारी मदत मिळते. ती सेवा टिकायची असेल तर असे छोटे खर्च वाचवणं गरजेचं आहे.

आणि पुढच्या वेळी एटीआरमधून उतरताना उजवं इंजिन घुंघुं करताना आणि त्याचा पंखा थांबलेला दिसला, तर घाबरून व्हिडिओ व्हायरल करू नका. पंखा मुद्दाम ब्रेक लावून थांबवलाय. शेजारी बघा, कुणीतरी कर्मचारी कानाला हेडफोन लावून उभा असेल. वारा कुठून येतोय आणि धूर कुठे जातोय, यावर लक्ष ठेवायचं काम त्याचं आहे. ते काम तो नीट करतो तोवर सहाही पाती शाबूत राहतात.